बर्फावर चालावयास कोणी शिकविले?

चालणे ही कोणाकडून शिकावयाची विद्या आहे असे आपणांस सहसा वाटत नाही. मूल भिंतीला, पलंगाला, आईच्या पदराला धरून उभे राहते, दोन पावले टाकते, पडते, पुन्हा उठते. आणि वर्ष-दीड वर्षात आलेली ही विद्या त्याला जन्मभर पुरते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही विस्तीर्ण प्रदेश आहेत की जेथे चांगल्या धडधाकट, चार देश पाहिलेल्या माणसालाही मुलासारखे पुन्हा पहिले पाऊल टाकावयास शिकावे लागते. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीचे खोरे हा असाच एक प्रदेश. तेथे डिसेंबरात साचलेले बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही आणि अरण्यात ते कमरेइतके चढते. साध्या जोड्याने त्यावर पाऊल टाकले की पाय मांडीपर्यंत आत जातो. तो उपसून काढावा तो दुसरा रुततो. भाताच्या खाचरात ज्याने गुडघाभर चिखल तुडविला आहे त्याला या श्रमाची थोडी कल्पना येईल. मात्र खाचर बांधापाशी संपते. हे बर्फ शेकडो मैल संपत नाही, आणि त्यात अडकलेला मनुष्य रात्र पडली म्हणजे गारठून मरतो.

यावर मनुष्याने काढलेला तोडगा म्हणजे हिमपादुका, इंग्रजीत ज्याला स्नोशू म्हणतात ती. तिची रचना पाहिली तर अगदी साधी. लाकडाची ओली पट्टी वाफेवर किंवा गरम पाण्यात मऊ करून लांबट वर्तुळात वाकवावयाची, तिची टोके मागे एकत्र बांधावयाची, मध्ये दोन आडव्या पट्ट्या घालावयाच्या आणि सगळी चौकट कच्च्या कातड्याच्या बारीक वादीने विणून काढावयाची. आपल्याकडील बाज सुंभाने विणतात तशीच ही वीण, फक्त तिची घरे बारीक आणि ताण अधिक. अशी पादुका पायाखाली बांधली म्हणजे शरीराचा भार तळव्याच्या सात-आठ पट क्षेत्रावर पसरतो, आणि बर्फ माणसाला पेलून धरते.

ही युक्ती फार जुनी आहे. इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील हिमनदीजवळ २००३ साली भूर्जाच्या लाकडाची एक मोडकी हिमपादुका सापडली. तिचे वय मोजले तेव्हा ती इसवी सनापूर्वी सुमारे ३८०० वर्षांची भरली. ग्रीक सेनानी झेनोफन हा इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेतून आपल्या दहा हजार सोबत्यांसह परत येत असता अर्मेनियातील बर्फात सापडला. तेथील एका गावाच्या मुखियाने ग्रीकांना सांगितले की, घोड्यांच्या पायांना पिशव्या बांधा, नाहीतर ती पोटापर्यंत बर्फात जातील. झेनोफनने हे आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. सगळ्या इराणी साम्राज्याशी झुंज देऊन आलेल्या सैन्याला एक खेडूत घोडे कसे चालवावे ते शिकवितो आहे, हे दृश्य पुढे दोन हजार वर्षांनी दुसऱ्या खंडात पुन्हा पुन्हा घडावयाचे होते.

हिमपादुकेला खरी पूर्णता आली ती उत्तर अमेरिकेत. तेथील प्रत्येक जमातीने आपापल्या भूमीप्रमाणे तिला वेगळा आकार दिला. दाट झाडीत वळणे-वाकणे सोपे जावे म्हणून कोणी ती आखूड आणि रुंद केली, उघड्या मैदानासाठी कोणी लांब व अरुंद, तर कोणी पुढचे टोक वर वळविलेली. चौकट वाकविणे हे बहुधा पुरुषांचे काम आणि विणणे हे बायकांचे. विणणारणीचा हात सैल असला तर त्याची शिक्षा नवऱ्याला अरण्यात भोगावी लागे. ओल्या बर्फात कच्चे कातडे सैल पडते, शेकोटीजवळ फार ठेवले तर जळते, आणि खाली ठेवले तर कुत्री खाऊन टाकतात. म्हणून मुक्कामावर पादुका उंच टांगून ठेवण्याचा प्रघात होता.

सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच लोक या प्रदेशात वस्ती करावयास आले. शाम्प्लेन या त्यांच्या पुढाऱ्याने १६०३ मध्येच या पादुका पाहिल्या होत्या. फ्रान्समध्ये चेंडूच्या खेळात वापरीत त्या जाळीदार फळीसारख्या त्या दिसल्या म्हणून फ्रेंचांनी त्यांना राकेत असे नाव दिले. आज आपली मुले ज्याला रॅकेट म्हणतात तोच हा शब्द. ज्या लोकांनी ही वस्तू घडविली त्यांना मात्र फ्रेंच 'सोव्हाज', म्हणजे रानटी, म्हणत.

या रानट्यांकडून चालावयास शिकलेल्या युरोपियनांत पॉल ल झन हे नाव विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा येशूसंघाचा धर्मगुरू १५९१ साली जन्मला, १६३२ च्या उन्हाळ्यात क्विबेकला आला. अलंकारशास्त्र शिकविलेला, चाळिशी ओलांडलेला हा विद्वान. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने पहिल्यांदा पायाला राकेत बांधले. आपण पावलोपावली नाकावर आपटणार असे तेव्हा वाटले, असे तो वरिष्ठांना पाठविलेल्या वृत्तांतात मोकळेपणाने कबूल करतो. सरावाने त्याला बरे चालता येऊ लागले. पण त्याचे इनू सोबती, ज्यांना फ्रेंच मोंताञ्ये म्हणत, त्याच पादुका घालून हरणासारखे धावत आणि उड्या मारीत, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

आता हे धावणे त्यांना कसे साधे, आणि नवखा का पडे, हे समजून घेतले पाहिजे. चौकट रुंद असल्यामुळे नवशिका आपोआप पाय फाकवून बदकासारखा चालू लागतो. असे चालले की थोड्याच वेळात जांघा भरून येतात आणि मैलभरात मनुष्य खाली बसतो. जाणता मनुष्य पाय फाकवीत नाही. तो पाऊल नेहमीपेक्षा लांब टाकतो, आणि टाकताना एका पादुकेची आतली कड दुसरीच्या कडेवरून अलगद सरकवून पुढे नेतो. त्यामुळे एकीचा रुंद भाग दुसरीच्या निमुळत्या भागाशेजारी जाऊन बसतो, आणि पाय जवळजवळ नेहमीच्याच अंतरावर राहतात. पाऊल आखूड पडले की एक पादुका दुसरीच्या शेपटावर पडते. मग मागचा पाय उचलावयास जावे तो आपणच आपल्याला पाडतो.

दुसरी गोष्ट पाय उचलण्याची. साध्या जोड्यासारखी पादुका संपूर्ण उचलावयाची नसते. बंधन फक्त चवड्यावर असते, टाच मोकळी. पाय पुढे झुकला की बोटे जाळीतील एका मोकळ्या खिडकीतून खाली जातात, पादुकेचे पुढचे टोक वर राहते आणि शेपूट बर्फावरून घसटत येते. उचलावयाचे ते टोक, ओढावयाचे ते शेपूट. ज्याने टाचही बांधून टाकली तो शंभर पावलांत थकला म्हणून समजावे. म्हणूनच या पादुकांबरोबर टाचेचा कडक जोडा चालत नाही; त्याने जाळी कापली जाते आणि पाय आवळून गोठतो. मऊ कातड्याचा, बिनटाचेचा मोकासिन हाच तिचा जोडीदार.

तिसरी गोष्ट मागे न सरकण्याची. मागे पाऊल टाकले की शेपूट बर्फात खुपसते आणि मनुष्य उताणा होतो. वळावयाचे ते मोठ्या वर्तुळाकार वळणाने. जागा नसेल तर एका पायावर भार तोलून दुसरा पाय उंच उचलावयाचा आणि हवेतच फिरवून नव्या दिशेला ठेवावयाचा. चढावर सरळ न जाता तिरके जावे, किंवा चवड्याने बर्फावर ठोकर मारून पायरी करावी. उतारावर गुडघे किंचित वाकवून भार टाचांकडे घ्यावा. आणि पडल्यावर काय? हाताने जमीन रेटून उठू पाहणारा खांद्यापर्यंत आत जातो, कारण जमीन तेथे नाहीच. पाठीवरचे ओझे आधी सोडावे, कुशीवर वळावे, दोन्ही पादुका पोटाशी घेऊन एका दिशेला कराव्या आणि मग गुडघ्यावर यावे.

शिवाय एकट्याने चालणे निराळे आणि तांड्याने चालणे निराळे. पुढचा मनुष्य ताजे बर्फ दाबून वाट पाडतो. मागचे त्याच्या पावलात पाऊल टाकतात. पुढचे काम सर्वांत जड, म्हणून तो थोड्या वेळाने बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. इनू कुटुंबे हिवाळाभर अशी हिंडत, लहान मुले आणि सामान घसरगाड्यांवर लादून.

१६३३ च्या ऑक्टोबरात फादर ल झन अशाच एका इनू टोळीबरोबर हिवाळा काढावयास निघाला. भाषा शिकावी हा त्याचा हेतू होता. मेस्तिगोइत नावाचा शिकारी त्याचा यजमान होता. हिवाळ्यात वीसहून अधिक वेळा मुक्काम हलला. मुक्कामाची जागा ठरली की बर्फ उकरून खड्डा करावयाचा, त्या कामी फावड्यांबरोबर हिमपादुकाही वापरावयाच्या, आणि खड्ड्यावर झाडाच्या सालींचा तंबू उभारावयाचा. आत धूर इतका की माणसे तोंड जमिनीला लावून श्वास घेत. ल झन आजारी पडला. टोळीतील मांत्रिकाने त्याची यथेच्छ थट्टा केली. आणि सर्वांवर कडी म्हणजे उपासमार. ईल माशाच्या कातड्याची ठिगळे त्याने आपल्या झग्याला लावली होती, ती भुकेच्या दिवसांत त्याला खावी लागली.

या उपासमारीचे कारण ऐकण्यासारखे आहे. त्या वर्षी आरंभी बर्फ कमी पडले होते! उष्ण देशाच्या माणसाला हे उलटे वाटेल. मूस नावाचा प्रचंड सांबरासारखा प्राणी हे इनूंचे हिवाळ्यातील मुख्य अन्न. बर्फ उथळ असले की तो वाऱ्यासारखा निघून जातो. बर्फ खोल झाले की त्याचे पाय रुततात, आणि हिमपादुका घातलेला शिकारी बर्फाच्या वरून धावत जाऊन त्याला गाठतो. म्हणजे फ्रेंचांना जे बर्फ मरण वाटे, त्याचीच इनू वाट पाहत बसत. पुढे बर्फ वाढले तेव्हाच टोळीची चूल नीट पेटली. १६३४ च्या एप्रिलात, झावळ्यांच्या रविवारी, ल झन क्विबेकला परत पोहोचला. त्याच्या त्या हिवाळ्याच्या वृत्तांतात इनूंच्या श्रद्धांविषयी कठोर शब्द पुष्कळ आहेत. पण त्यांची सहनशीलता, संकटातील हसतमुखपणा आणि एकमेकांना सांभाळून घेण्याची वृत्ती यांची स्तुतीही त्यातच आहे. ज्याच्या पावलात पाऊल टाकून महिनोन्महिने चालावे लागते, त्याच्याविषयी निव्वळ पुस्तकी मत फार दिवस टिकत नाही.

ल झनला शिकावयास वेळ मिळाला. पुढच्या पिढीतील सैनिकांना तो मिळाला नाही. १६६५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या राजाने कारिञां-सालिएर नावाची नामांकित पलटण मोहॉक लोकांचा बंदोबस्त करण्यासाठी कॅनडात धाडली. नवा गव्हर्नर कूर्सेल हा उतावळ्या स्वभावाचा होता. उन्हाळ्याची वाट न पाहता १६६६ च्या जानेवारीत, ९ तारखेला, तो क्विबेकहून निघाला. बरोबर पाचशेंच्या आसपास माणसे. त्यांपैकी तीनशे फ्रान्सहून नुकतेच आलेले शिपाई, ज्यांनी पहिलाच कॅनडाचा हिवाळा पाहिला होता. प्रत्येकाच्या पाठीवर पंचवीस-तीस पौंड बिस्किटांचे ओझे होते. खुद्द गव्हर्नरनेही ते उचलले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पायात हिमपादुका होत्या, परंतु त्या घालून चालण्याची सवय शिपायांना नव्हती. वाट दाखविणारे अल्गॉन्क्विन वेळेवर आले नाहीत, आणि कूर्सेल त्यांच्यासाठी थांबला नाही.

जे व्हावयाचे ते झाले. सैन्य बर्फात वाट चुकले. पहिल्याच दिवसांत कोणाचे नाक, कोणाचे कान, कोणाची बोटे गोठली. कित्येक चालता चालता कोसळले आणि त्यांना उचलून मागे न्यावे लागले. २० फेब्रुवारीला सैन्य मोहॉकांच्या गावांऐवजी स्केनेक्टडी नावाच्या डच वस्तीपाशी येऊन पोहोचले. तेथे मोहॉकांशी चकमक झाली, तीत काही फ्रेंच पडले. हा मुलूख १६६४ मध्येच इंग्रजांनी डचांकडून घेतला आहे हेही कूर्सेलला तेथेच कळले. वस्तीचा प्रमुख आरेंट व्हान कुर्लर याने जखमी फ्रेंचांना आसरा दिला आणि उपाशी सैन्याला धान्य विकले. तरीही परतीच्या वाटेवर साठांहून अधिक माणसे भुकेने आणि थंडीने मेली; काही लेखकांनी हा आकडा याहून पुष्कळ मोठा दिला आहे. शत्रूच्या गोळीने मेलेले त्यामानाने थोडे होते. शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती काही आठवड्यांच्या सरावाची आणि वाट दाखविणाऱ्यासाठी थांबण्याच्या धीराची.

नवख्याने ओझे घेऊन एकदम लांबची मजल मारली की त्याला जडणारे एक दुखणे आहे. फ्रेंचांनी त्याला राकेतचे दुखणे असेच नाव ठेविले होते. पादुकेचे टोक सतत उचलण्याने नडगीवरील व पायाच्या वरच्या बाजूचे स्नायुबंध ताणले जातात, सुजतात, आणि पाऊल उचलणे अशक्य होते. १७६३ च्या आरंभी अलेक्झांडर हेन्री नावाच्या व्यापाऱ्याला ग्रेट लेक्सच्या प्रदेशात हे दुखणे जडले. पेटलेल्या भुसभुशीत लाकडाचा निखारा दुखऱ्या जागी ठेवून मांस खोलवर जळू द्यावयाचे, असा त्यावरचा देशी उपाय. इतरांना त्याने गुण आलेला हेन्रीने पाहिला होता. तथापि स्वतःच्या पायावर प्रयोग करणे त्याला प्रशस्त वाटले नाही. शहाणा मनुष्य! विश्रांती आणि लहान मजला हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

फ्रेंचांनी १६६६ चा धडा चांगला गिरविला. कोणत्या कामासाठी, हे मात्र ऐकावयास सुखाचे नाही. कॅनडात जन्मलेली त्यांची पुढची पिढी लहानपणापासून राकेतवर चालत असे. १६९० च्या फेब्रुवारीत दोनशेंवर माणसांची टोळी, निम्मे फ्रेंच आणि निम्मे त्यांचे देशी मित्र, हिमपादुकांवरून मॉन्ट्रिअलहून निघाली आणि एका रात्री थेट स्केनेक्टडीवर कोसळली. चोवीस वर्षांपूर्वी जेथे त्यांच्या उपाशी शिपायांना धान्य मिळाले होते, ते गाव त्यांनी जाळले आणि साठ माणसे मारली. त्यांत बायका होत्या, मुले होती.

१७०४ च्या फेब्रुवारीअखेर मॅसॅच्युसेट्समधील डिअरफील्ड गावाची हीच गत झाली. तेथून १०० हून अधिक स्त्री-पुरुष-मुले कैद करून सुमारे ३०० मैल उत्तरेस कॅनडात नेण्यात आली. त्यांत गावचा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन विल्यम्स होता. त्याची पत्नी दुसऱ्या दिवशी वाटेतच मारली गेली; नुकतीच बाळंत झालेली ती बाई रांगेबरोबर चालू शकत नव्हती. ज्याने विल्यम्सला कैद केले होते त्यानेच पुढे त्याला हिमपादुका दिल्या. जन्मात कधी त्या न घातलेल्या या मनुष्याला त्याच दिवशी पंचवीसेक मैल चालावे लागले. कडक बर्फाने नडग्या सोलल्या जात, आणि रात्री मोजे पिळले की रक्त निघे, असे त्याने १७०७ साली छापलेल्या आपल्या कथेत सांगितले आहे. येथे शिकविणारा धनी होता आणि शिकणारा कैदी. चुकले तर काय होते हे शिष्याने पहिल्याच दिवसांत डोळ्यांनी पाहिले होते. विल्यम्स १७०६ मध्ये सुटून परत आला. त्याची सात वर्षांची मुलगी युनिस मात्र मॉन्ट्रिअलजवळच्या कानावाके या कॅथलिक मोहॉकांच्या गावी वाढली, तेथेच तिने लग्न केले, आणि बापाने व भावाने कितीही विनवले तरी ती कायमची परतली नाही. १७८५ मध्ये ती मोहॉक आजी म्हणून वारली. या कानावाके गावाचे नाव पुढे पुन्हा येईल.

डिअरफील्डनंतर इंग्रज वसाहतींनीही आपल्या सरहद्दीच्या शिपायांना हिमपादुका पुरविल्या. १७५८ च्या मार्चमध्ये रॉबर्ट रॉजर्सच्या सुमारे १८० सैनिकांची फ्रेंचांशी चार फूट बर्फात लढाई झाली. ती इतिहासात हिमपादुकांची लढाई म्हणूनच ओळखली जाते. रॉजर्सची माणसे बहुतेक कापली गेली. त्याने एका कड्याच्या टोकाशी जाऊन पादुका उलट्या बांधल्या आणि माग काढणाऱ्यांना चकविले, अशी दंतकथा आहे. कथा रंगतदार आहे. मात्र लढाईतून पळणाऱ्या दमलेल्या माणसाने शेपूट पुढे करून खोल बर्फात कितीसे अंतर काटले असेल, याचा विचार ती सांगणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

ही विद्या मारण्याच्या कामी न लावता केवळ जाण्या-येण्याच्या आणि जगण्याच्या कामी लावणारा एक थोर शिष्य एकोणिसाव्या शतकात झाला. जॉन रे हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांतला. एडिंबरोला डॉक्टर होऊन १८३३ मध्ये तो हडसन्स बे कंपनीच्या जहाजावरून कॅनडात आला आणि मूस फॅक्टरी या ठाण्यावर सुमारे दहा वर्षे राहिला. आजूबाजूच्या क्री लोकांपासून तो शिकार करावयास, घसरगाडी बांधावयास आणि हिमपादुकांवर चालावयास शिकला. मनापासून शिकला. १८४४-४५ च्या हिवाळ्यात त्याने रेड रिव्हरपासून सूसेंट मरीपर्यंत सुमारे १२०० मैलांची वाट दोन महिन्यांत पायी तोडली.

रे हा इंग्लंडच्या सभ्य समाजाला मात्र विचित्र वाटे. देशी लोकांसारखे कपडे करणे, त्यांच्यासारखे खाणे, त्यांच्यासारखे चालणे हे दर्यावर्दी अधिकाऱ्याला शोभत नाही अशी तेव्हाची समजूत होती. ब्रिटिश नौदलाच्या तुकड्या जड घसरगाड्या छातीला पट्टे बांधून स्वतः ओढीत. १८४५ मध्ये उत्तर ध्रुवप्रदेशात निघालेल्या फ्रँकलिनच्या दोन जहाजांवरील १२९ माणसांपैकी एकही परत आला नाही. १८५४ मध्ये त्यांच्या अंताची बातमी रेनेच इन्युइट लोकांकडून मिळवून आणली; शेवटी त्या माणसांनी उपाशीपोटी मृतांचे मांस खाल्ले, हेही त्याने दडविले नाही. तेव्हा चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने रानट्यांच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, असा ओरडा केला. दीडशे वर्षांनंतर सापडलेल्या हाडांवरील सुरीच्या खुणांनी इन्युइटांचेच म्हणणे खरे ठरविले.

याच काळात मॉन्ट्रिअल शहरात हिमपादुकेचे एक अगदी वेगळे आयुष्य सुरू झाले होते. तेथील काही इंग्रज व्यापारी आणि कारकून १८४० पासून हौसेने एकत्र चालावयास जाऊ लागले, आणि १८४३ मध्ये मॉन्ट्रिअल स्नोशू क्लब रीतसर स्थापन झाला. पांढऱ्या घोंगडीचा कोट, निळी लोकरी टोपी, हातात मशाली. रात्री माउंट रॉयल डोंगरावर चढून जावयाचे, वर पोहोचून जेवावयाचे, गावयाचे. १८८३ च्या पहिल्या हिवाळी उत्सवात बर्फाचा एक राजवाडा बांधला होता. त्यावर या क्लबवाल्यांनी मशाली घेऊन लुटुपुटीचा हल्ला चढविला आणि ते पाहावयास लोक दूरदूरून आले. ज्या चालीने दोनशे वर्षांपूर्वी स्केनेक्टडी जळले, तिचा असा खेळ झाला हे बरेच म्हणावयाचे.

परंतु या खेळाला एक खोड होती. क्लब शर्यतीही भरवीत, आणि धावण्यात कानावाकेचे मोहॉक गोऱ्या सभासदांना सहज मागे टाकीत. तेव्हा देशी लोकांच्या शर्यती वेगळ्या ठेवण्यात आल्या. त्यांना रोख बक्षीस, गोऱ्या हौशी गृहस्थांना पदके व चषक. रोख बक्षीस घेणारा तो धंदेवाईक, आणि धंदेवाईकाने हौशी माणसाशी स्पर्धा करावयाची नाही, हा नियम मग सोईचा पडला. १८७३ मध्ये मॉन्ट्रिअल पेडेस्ट्रियन क्लबाने हौशी खेळाडूची व्याख्याच लिहून काढली. बक्षिसासाठी जो खेळला, व्यायाम शिकवून ज्याने कधी पोट भरले, जो मजूर आहे किंवा जो इंडियन आहे, तो हौशी नव्हे! शिकविणारा आणि ज्याच्यापासून सगळे शिकले तो, दोघेही एकाच कलमाने दाराबाहेर झाले. कोणी एका शब्दाने विरोध केला असता तर बरे झाले असते. ही व्याख्या उलट पुढील व्याख्यांसाठी नमुना ठरली.

त्या गृहस्थांच्या पायांतील पादुका मात्र दाराबाहेरच्यांच्याच हातच्या असत. क्विबेकजवळच्या वेंडाके या गावी ह्यूरन-वेंडाट लोकांची घरेच्या घरे हिमपादुका आणि मोकासिन बनवीत. शिपायांना, लाकूडतोड्यांना आणि शहरी क्लबांना माल तेथून जाई. पुरुष ॲश झाडाच्या पट्ट्या वाकवीत, बायका विणीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियमची चौकट आणि कृत्रिम कापडाचा तळ असलेल्या हिमपादुका निघाल्या; त्या हलक्या असतात, ओल्या होऊन सैल पडत नाहीत, आणि कुत्रीही त्यांना तोंड लावीत नाहीत. परंतु त्यांतही टाच मोकळीच असते आणि बोटांसाठी पुढे खिडकी असतेच. नाव तेवढे राकेत म्हणून फ्रेंचांचे चिकटले ते फ्रेंच भाषेत आजही आहे. तिच्या जाळीच्या वादीला मात्र फ्रेंचांना आपला शब्द सापडला नाही. तिला ते बाबीश म्हणतात, आणि तो शब्द मिकमॉक लोकांचा आहे.